सात टक्के

काल रात्रीपासून सात टक्के.
कोपऱ्यात बॅटरीचं चित्र, तिला टेकून प्लगचं चित्र,
त्यावर बाण नेला की एक ओळ उमटते:
जोडलेले आहे. चार्ज होत नाही.

मंडळाची वधू-वर सूची रविवारी छापायला द्यायची आहे.
चारशे बारा नावं,
निम्मी इंदूरची, निम्मी इंदूरहून गेलेली,
आणि त्यांच्या आया मला दुपारी फोन करतात,
उंची पाच-तीन लिहा हो ताई, पाच-दोन नको.

आधी घरात करता येतं ते सगळं केलं.
दुसरं बटण, तिसरं बटण,
फ्रिज बंद करून त्याच्या जागी.
लॅपटॉप उलटा धरून थोपटला
तर कीबोर्डातून शेव पडली, मागच्या दिवाळीची,
लवंगेची, अजून कुरकुरीत.
भाचा फोनवर म्हणाला, मावशी, बॅटरी काढ, तार काढ,
बटण तीस सेकंद दाबून धर.
एकवीसपर्यंत मोजलं आणि दूधवाला आला.
पुन्हा पहिल्यापासून.

तार आहे तोवर चालतो, झोकात चालतो.
तार निघाली
की चार मिनिटांत मान टाकतो.

जेलरोडला, पोरवालांच्या दुकानावरच्या माळ्यावर
तस्नीम बसते. रिद्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या,
एका डोळ्याला भिंग.
चार्जर तिनं तळहातावर घेतला, भाव करायच्या आधी आंबा घ्यावा तसा.
"असली नहीं है ना, आंटी?"
नाही. असली बावीसशेचा, हा साडेचारशेचा,
विकणाऱ्यानं शपथ घेतली होती, सब मैच है.

आणि मॅच होतंच.
व्होल्ट तेवढेच, साडेएकोणीस. वॉट तेवढेच.
पिनेची जाडी, तोंड, खोली, कुठे बोट ठेवायला जागा नाही.
तिनं मीटरच्या काड्या टेकवल्या, आकडा दाखवला.
करंट पुरेपूर.

मग चिमट्याचं टोक पिनेच्या आत नेलं. ये देखो.
मधोमध एक सुई असते, केसाएवढी.
तिच्यातून वीज जात नाही, नुसती विचारपूस जाते:
कोण आपण, कुठले, किती द्याल.
ह्या चार्जरातही सुई आहे, पण मुकी. शोभेला.
लॅपटॉप विचारतो, उत्तर येत नाही.
मग तो म्हणतो, असू दे,
आजचं भागवू. साठवणार नाही.

मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते.
खाली कुणी भिया, भिया करत गिऱ्हाईक बोलावत होतं.

एकतीस गुण जुळले होते आमचे.
नाडी, गण, सगळं. रामबागेतल्या काकांनी
कागदाला हळद लावून हातात दिला होता.
एकोणीस वर्षं दिवे लागत होते, शिट्ट्या होत होत्या,
बिलं तारखेच्या आत, पाहुणे आणायला
एरोड्रमला जायचं तर दोघंही.
बंद आहे असं कुणी म्हटलं नसतं.
तो चार दिवस रतलामला गेला
की माझ्याजवळ त्याचं काही शिल्लक नसायचं,
एक वाक्यसुद्धा,
रात्री पुन्हा आठवावं असं.

तस्नीमनं बिस्किटांच्या डब्यातून एक असली काढला,
कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपचा,
तारेला दोन ठिकाणी चिकटपट्टी. आठशे. सातशे.
लावला.
सात.
सात.
"रुको," ती म्हणाली.
आठ.

घरी येऊन सूची उघडली.
नाव, उंची, नाडी, गण, पगार.
उजवीकडे एक रकाना वाढवून पाहिला,
नाव काय द्यावं सुचेना,
आणि पान पुरेना, पगार खालच्या ओळीत पडू लागले.
काढून टाकला.

फोन वाजला. हो, म्हटलं, पाच-तीन.
पाच-तीनच लिहिलंय.
एकसष्ट टक्के.